परदेशी प्रत्यय आणि इंग्रजी सामान्यनामे : एका गुंतवणूक-मताची चिकित्सा

शब्दाला किंमत असते असे आपण म्हणतो तेव्हा ते बहुधा लक्षणेने म्हणतो. महाजालावरील नावांच्या बाजारात मात्र ह्या वाक्यातील लक्षणा गळून पडली असून केवळ वाच्यार्थ तेवढा शिल्लक राहिला आहे. १९९९ साली ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव ७५ लाख डॉलरना विकले गेले. २००१ साली ‘हॉटेल्स डॉट कॉम’ला १ कोटी १० लाख डॉलर मोजण्यात आले. २०१० साली ‘इन्शुरन्स डॉट कॉम’ हे नाव त्यासोबतच्या संकेतस्थळासह ३ कोटी ५६ लाख डॉलरना गेले. हे शब्द कोणी घडविलेले नाहीत. कोशात ते कोणासही फुकट मिळतात. तथापि एका विशिष्ट प्रत्ययाआधी उभे राहताच ते एकाच मालकाचे होतात आणि त्यांचे खरेदीखत करता येते.

ह्या व्यवहारातून जे एक गुंतवणुकीचे मत रूढ झाले आहे, त्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते मत थोडक्यात असे : इंग्रजी ही जगाची व्यापारभाषा आहे. ‘कॉम’ ह्या प्रत्ययाखालील इंग्रजी सामान्यनामे केव्हाच संपली, आणि जी विक्रीस आहेत ती सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेरची आहेत. सबब तीच सामान्यनामे जर्मनी, फ्रान्स, स्पेन, कोलंबिया अशा देशांच्या प्रत्ययांखाली आजच अल्प मोलाने घेऊन ठेवावीत. आज ना उद्या त्यांना भाव आल्यावाचून राहणार नाही. शहराची हद्द वाढेल, जमीन बिनशेती होईल, ह्या आशेने वेशीबाहेर गुंठे घेऊन ठेवणाऱ्याच्या विचारसरणीहून ही विचारसरणी निराळी नाही. फरक इतकाच की, तेथे निदान जमिनीचा पोत पाहण्याची रीत आहे.

हा विषय अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा आहे, भाषेच्या अभ्यासकांनी त्यात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. परंतु ह्या मताचा सारा डोलारा ज्या गृहीतकावर उभा आहे ते अर्थशास्त्रीय नसून शुद्ध भाषाशास्त्रीय आहे. एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात नेला असता तो आपला अर्थ व आपले गिऱ्हाईक बरोबर घेऊन जातो, असे ते गृहीतक होय. ते टिकते किंवा कोसळते त्यावर गुंतवणुकीचे भवितव्य अवलंबून आहे.

प्रथम ह्या नावांची घडण पाहू. डोमेन-नामाचे दोन अवयव असतात. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर डावीकडचा अवयव प्रकृती आणि उजवीकडचा प्रत्यय. प्रत्यय दोन जातींचे : ‘कॉम’, ‘ऑर्ग’ ह्यांसारखे सार्वत्रिक, आणि दोन अक्षरांचे देशदर्शक. देशदर्शक प्रत्यय आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या देशसूचीतून उचललेले आहेत, आणि त्या सूचीत एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट दडलेली आहे. जर्मनीचा प्रत्यय ‘डीई’ हा ‘जर्मनी’ ह्या इंग्रजी नावावरून आलेला नाही, तो ‘डॉइचलांट’ ह्या जर्मन नावावरून आला आहे. स्पेनचा ‘ईएस’ हा ‘एस्पान्या’वरून, क्रोएशियाचा ‘एचआर’ हा ‘ह्र्वात्स्का’वरून. चार राजभाषा असलेल्या स्वित्झर्लंडने तर भांडण नको म्हणून लॅटिन नावाचा आश्रय घेतला आणि ‘सीएच’ हा प्रत्यय पत्करला. म्हणजे इंग्रजी प्रकृतीला जो प्रत्यय लावावयाचा, तो पुष्कळदा स्वतःच परभाषेत बोलत असतो.

प्रत्यय म्हणजे केवळ नावाचे शेपूट नव्हे. १९९४ च्या मार्च महिन्यात जॉन पोस्टेल ह्यांनी ह्या व्यवस्थेसंबंधीचे जे टिपण प्रसिद्ध केले, त्यात देशदर्शक प्रत्ययाचा व्यवस्थापक हा त्या देशाच्या लोकांचा व महाजालावरील सर्व समाजाचा विश्वस्त आहे, अशी भूमिका घेतलेली आहे. मालकी आणि हक्क ह्यांची भाषा येथे गैरलागू असून जबाबदारी व सेवा ह्यांची भाषा लागू आहे, असा त्या टिपणाचा आशय आहे. विश्वस्ताच्या हातातील वस्तू आणि बाजारात मांडलेली वस्तू ह्यांतील ताण पुढच्या साऱ्या विवेचनात आपल्या बरोबर राहणार आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इंग्रजीत ‘गिफ्ट’ हा व्यापाऱ्यांच्या फार आवडीचा शब्द आहे. भेटवस्तूंचा सारा बाजार त्या एका शब्दाभोवती फिरतो. हाच शब्द, त्याच चार अक्षरांत, जर्मन भाषेत आहे, आणि तेथे त्याचा अर्थ आहे विष. दोन्ही शब्द मुळात एकच, ‘देणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून झालेले. ‘दिलेली मात्रा’ ह्या सौम्य पर्यायातून जर्मन शब्द विषापर्यंत पोचला. जुना अर्थ तेथे अजून एका समासात जिवंत आहे, तो ‘मिटगिफ्ट’ म्हणजे हुंडा ह्या शब्दात. (हुंडा आणि विष ह्यांचे हे नाते आमच्या काही समाजसुधारकांना ठाऊक असते, तर त्यांनी त्याचा उपयोग केला असता.) स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियन भाषांत तर ह्याच शब्दाचे ‘विष’ आणि ‘विवाहित’ असे दोन्ही अर्थ आहेत. जाहिरातीच्या क्षेत्रात देवाप्रमाणे पुजला जाणारा ‘ब्रँड’ हा इंग्रजी शब्द घ्या : जर्मन आणि डच भाषांत त्याच वर्णांचा शब्द म्हणजे आग. ह्या शब्दांचे ‘कॉम’खालचे भाव पाहून ते ‘डीई’खाली घेणारा मनुष्य काय विकत घेत आहे, हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते.

ह्याच्या उलटही घडते, आणि ते अधिक उद्बोधक आहे. ‘लोकेशन’ हा इंग्रजी शब्द व्यापारदृष्ट्या तसा पोकळ. त्यातून कोणती वस्तू विकावी हे सांगता येत नाही. परंतु फ्रेंचमध्ये त्याच अक्षरांत लिहिला जाणारा ‘लोकासियाँ’ हा शब्द भाड्याने देणे-घेणे ह्या अर्थाचा आहे. मोटारी, घरे, यंत्रे, सर्व भाड्याचा व्यवहार त्याच्या छत्राखाली येतो. ‘अश्युरन्स’ म्हणजे इंग्रजीत आश्वासन, आयुर्विम्याच्या जुन्या परिभाषेत काय तो विम्याचा वास. फ्रेंचमध्ये ‘असुराँस’ म्हणजे साक्षात विमा. ‘ऑकेजन’ म्हणजे इंग्रजीत प्रसंग. फ्रेंच बाजारात तोच शब्द वापरलेल्या, जुन्या मालाचा वाचक. ज्याने हे शब्द इंग्रजी समजून फ्रान्सच्या ‘एफआर’ प्रत्ययाखाली घेतले, त्याला कदाचित लाभ होईलही. पण तो लाभ इंग्रजीने दिलेला नसेल. तो फ्रेंचने दिलेला असेल, आणि घेणाऱ्याच्या अज्ञानाला तो बक्षीस म्हणून मिळालेला असेल.

येथवरचा युक्तिवाद समरूप शब्दांचा झाला. असे शब्द थोडे, त्यांवरून सामान्य नियम कसा काढावा, असा आक्षेप रास्त आहे. म्हणून खऱ्याखुऱ्या उसन्या शब्दांकडे पाहू. ह्या मताचे पुरस्कर्ते २००८ साली झालेल्या ‘शॉपिंग डॉट डीई’च्या विक्रीकडे बोट दाखवितात. साडेअठ्ठावीस लाख डॉलरच्या घरात गेलेला हा व्यवहार जर्मन प्रत्ययाच्या इतिहासातील अत्यंत मोठ्या व्यवहारांत गणला जातो. त्याच्या आदल्या वर्षी ‘पोकर डॉट डीई’ला सुमारे सात लाख यूरो मिळाले होते. शब्द इंग्रजी, प्रत्यय जर्मन, आणि किंमत अशी घसघशीत. मग आमचे म्हणणे खोटे ठरले काय?

माझ्या मते ह्या उदाहरणांनी ते पक्केच होते. ‘शॉपिंग’ हा शब्द जर्मन माणूस आज इंग्रजी शब्द म्हणून वापरीत नाही. तो जर्मन कोशात आहे, जर्मन लेखनपद्धतीप्रमाणे नामाचे पहिले अक्षर मोठे करून लिहिला जातो, त्याला जर्मन लिंग आहे, तो जर्मन समासांत बसतो. ‘पोकर’ची गोष्ट तीच. जो शब्द इतका रुळला, तो कोठून आला हा प्रश्न व्युत्पत्तिकोशाचा आहे, बाजाराचा नव्हे. ‘टेबल’, ‘स्टेशन’ आणि ‘डॉक्टर’ ह्या शब्दांना मराठीत बोलताना आपण परभाषेत बोलत आहोत असे कोणास वाटते? माधव जूलियनांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला, तेव्हा अशा शब्दांना घराबाहेर काढण्याचा आग्रह जोरात होता. ते निघाले नाहीत, ह्याचे कारण ते पाहुणे राहिलेच नव्हते. जर्मन खरेदीदाराने जी रक्कम मोजली ती ह्या नागरिकत्व मिळविलेल्या शब्दाबद्दल मोजली. ‘शॉपिंग’ शेजारी ‘इन्शुरन्स’ ठेवून पाहा. विम्याला जर्मन माणूस ‘फेरझिशरुंग’ म्हणतो, तसेच लिहितो आणि शोधयंत्रातही तसेच टंकतो. तेथे ‘इन्शुरन्स’ ह्या प्रकृतीला कोणी शोधीत येत नाही.

कर्ज ह्या अर्थाचा शब्द तर एका अक्षराच्या फरकाने धडा शिकवितो. २००८ साली ‘क्रेडिट’ ह्या नावाला ‘डीई’ प्रत्ययाखाली सुमारे नऊ लाख यूरो मिळाले. देवनागरीत लिहिताना भेद दिसत नाही, पण विकले गेलेले नाव ‘के’ ह्या अक्षराने सुरू होणारे, म्हणजे जर्मन वर्णलेखनाचे होते. ‘सी’ने लिहिलेला इंग्रजी शब्द त्याच्या शेजारी उभा असूनही त्या सौद्याचा मानकरी तो नव्हता.

उसना शब्द रुळताना अर्थही बदलून घेतो, हा पुढचा मुद्दा. जर्मनांचा ‘हँडी’ म्हणजे खिशातील दूरध्वनी. इंग्लंडच्या माणसाला ह्या नामाचा पत्ताही नाही. त्याच्या भाषेत ते विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘सोयीचे’ असा आहे. त्यांचा ‘बीमर’ म्हणजे पडद्यावर चित्र टाकणारा प्रक्षेपक. क्रिकेट जाणणाऱ्याला तो फलंदाजाच्या डोक्याच्या रोखाने आलेला चेंडू वाटेल. ‘ओल्डटाइमर’ म्हणजे तेथे जुनी जपून ठेवलेली मोटार. फ्रेंचांचे ‘प्रेसिंग’ म्हणजे कपडे धुऊन-इस्त्री करून देणारे दुकान, ‘पार्किंग’ म्हणजे गाड्या ठेवण्याची जागा, आणि ‘स्मोकिंग’ म्हणजे समारंभात घालावयाचा काळा कोट. हे शब्द इंग्रजी कोशातून निवडणाऱ्याला मिळणारच नाहीत, कारण ज्या अर्थाने ते मोलाचे आहेत तो अर्थ इंग्रजी कोशात नाही. आमच्याकडील ‘हॉटेल’ हे ह्याच जातीचे आहे. पुण्यातला मनुष्य ‘हॉटेलात मिसळ खाऊ’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मुक्कामाची खोली नसते. एके काळी मुंबईत ‘ब्लॉक घेतला’ म्हणजे स्वतंत्र राहते घर घेतले असा अर्थ सर्वांना कळे. इंग्रजाला तो दगडाचा ठोकळा वाटला असता.

मीमांसकांनी आणि नैयायिकांनी शब्दार्थसंबंधावर पुष्कळ वाद घातला, तो येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. परंतु शब्दापासून अर्थबोध होण्यास संकेताचे ज्ञान लागते ही नैयायिकांची भूमिका येथे जशीच्या तशी लागू पडते. संकेत हा समाजाचा असतो, आणि देशदर्शक प्रत्यय हे त्या समाजाचे नाव असते. म्हणून प्रकृतीचा अर्थ प्रत्यय ठरवितो. गुंतवणुकीचे मत ह्याच्या उलट समजून चालते. त्याच्या मते प्रकृती हेच धन आणि प्रत्यय हे केवळ गल्लीचे नाव.

ह्यावर दोन प्रतिवाद संभवतात. पहिला असा की, नेदरलँड्स किंवा स्कँडिनेव्हियातील देश ह्यांत बहुतेक सुशिक्षितांना इंग्रजी उत्तम येते. तेथे इंग्रजी शब्द चालावयास काय हरकत आहे? हरकत नाही, पण समजणे आणि वापरणे ह्या दोन क्रिया भिन्न आहेत. दात दुखू लागला असता डच मनुष्य दंतवैद्याला आपल्याच भाषेत शोधतो, मग त्याला शेक्सपिअर मुखोद्गत का असेना. इंग्रजी तेथे चालते ती बहुधा व्यवसायसंस्थेचे विशेषनाम म्हणून. नव्या उद्योगांना इंग्रजी नावे आवडतात हे खरे, परंतु विशेषनामाची किंमत ते धारण करणारा उद्योग निर्माण करतो. सामान्यनामाप्रमाणे ती आधीपासून शब्दात साठलेली नसते.

दुसरा प्रतिवाद अधिक वजनदार आहे. प्रवासी परदेशातून येतो, तो इंग्रजीत शोधतो. तेव्हा स्पेनच्या प्रत्ययाखालील इंग्रजी प्रवासविषयक शब्द त्याला उपयोगी पडेल. हे तर्काला पटते, आणि किनाऱ्यावरील घरे, विमानतळावरील मोटारी अशा मोजक्या क्षेत्रांत ते काही अंशी खरेही आहे. पण येथे शोधयंत्राची रचना आडवी येते. गूगल देशदर्शक प्रत्ययाला त्या देशातील वाचकांसाठीच्या स्थळाची खूण मानते. मॅड्रिडच्या प्रत्ययाखालील इंग्रजी स्थळ मॅड्रिदमधल्या माणसाला जवळचे, तर लंडनमधल्या माणसाला दूरचे ठरण्याचा संभव असतो. आणि गिऱ्हाईक तर लंडनमध्ये बसलेले आहे. शिवाय नेमका शोधशब्द हेच ज्यांचे नाव अशा स्थळांना पूर्वी जो आपोआप अग्रमान मिळे, त्याला २०१२ च्या सप्टेंबरात गूगलने आपल्या मूल्यमापनात बदल करून कात्री लावली. निकृष्ट मजकुराची, केवळ नावावर जगणारी स्थळे त्यामुळे खाली गेली. रिकाम्या स्थळावर जाहिराती टांगून भाडे खाण्याचा मार्ग उरला, तर तो मनुष्य नाव थेट टंकून येतो तेव्हाच चालतो, आणि थेट टंकणारा मनुष्य स्वभाषेत टंकतो. अशा रीतीने फेरा पुन्हा संकेतापाशीच येऊन थांबतो.

आता एक वर्ग असा आहे की, ज्यात इंग्रजी शब्द परभाषिक देशाच्या प्रत्ययाखाली खरोखर चालतात. कोलंबियाचा ‘सीओ’ हा प्रत्यय कंपनी ह्या शब्दाच्या संक्षेपासारखा दिसतो. माँटेनेग्रोचा ‘एमई’ इंग्रजी सर्वनामासारखा वाचला जातो. बेल्जियमचा ‘बीई’ क्रियापदासारखा, लिबियाचा ‘एलवाय’ इंग्रजी क्रियाविशेषणाच्या प्रत्ययासारखा. गूगलनेही ‘सीओ’ आणि ‘एमई’ अशा काही प्रत्ययांना देशवाचक न मानता सार्वत्रिक मानले आहे. परंतु हे यश कसले आहे ते पाहिले पाहिजे. येथे प्रत्ययाने आपला देश टाकला आहे. ‘सीओ’ प्रत्यय वाचणाऱ्या शंभरांतील किती जणांना बोगोटाची आठवण होत असेल? ज्या नावात प्रत्यय देशाचा राहिलेला नाही, ते नाव ‘परभाषिक देशाच्या प्रत्ययाखालील इंग्रजी नाव’ नव्हेच. ते दोन्ही अंगांनी इंग्रजी नाव होय. आणि गंमत अशी की, असे रूपांतर केवळ इंग्रजीची मिरासदारी नाही. पॅसिफिक महासागरातील निउए बेटाचा ‘एनयू’ हा प्रत्यय स्वीडिश भाषेत ‘आता’ ह्या अर्थाचा शब्द ठरला, म्हणून स्वीडनमध्ये त्याचा खप झाला. २०१३ पासून त्याची व्यवस्था स्वीडिश संस्थेकडे आहे, आणि निउएची आपल्याच नावाबद्दलची तक्रार चालूच राहिली.

देश टाकलेला प्रत्ययदेखील भरवशाचा नसतो. ‘ओव्हरस्टॉक’ ह्या अमेरिकन विक्रेत्याने २०१० साली ‘ओ डॉट सीओ’ हे एका अक्षराचे नाव साडेतीन लाख डॉलरना घेतले आणि पुढच्या वर्षी स्वतःची ओळखच त्या नावाने देण्यास आरंभ केला. गिऱ्हाइके सवयीने शेवटी ‘कॉम’ टंकीत राहिली, आणि काही महिन्यांतच त्या पेढीला जुन्या नावाकडे परतावे लागले. लिबियाच्या बाबतीत तर देश टाकला आहे असे समजणाऱ्यांना देशानेच आपली आठवण करून दिली : २०१० साली ‘व्हीबी डॉट एलवाय’ हे नाव तेथील नोंदणीसंस्थेने स्थानिक कायद्याच्या व धर्मनियमांच्या विरुद्ध असल्याचे सांगून काढून घेतले. बाहेरच्या गुंतवणूकदाराला ह्या राजसत्तेचा विसर पडतो, पण राजसत्तेला त्याचा विसर पडत नाही. चीनने २००९ च्या अखेरीस व्यक्तींना ‘सीएन’खाली नोंदणी बंद केली आणि २०१२ साली पुन्हा उघडली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ च्या पहिल्या दिवशी ब्रिटिश धारकांची सुमारे ऐंशी हजार ‘ईयू’ नावे निलंबित झाली. नॉर्वेने तर प्रथमपासूनच एका संस्थेला किती नावे घेता येतील ह्यावर मर्यादा ठेवली. ती शंभर आहे. साठेबाजीचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

नॉर्वेचा हा नियम मला ह्या साऱ्या विषयाच्या गाभ्याशी नेतो. सामान्यनाम ही कोणाची मालमत्ता? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १७ मे २००१ रोजी ‘मिटवोनत्सेंट्राले डॉट डीई’ ह्या प्रकरणात जे ठरविले ते गुंतवणूकदारांच्या बाजूचे मानले जाते. तात्पुरत्या राहत्या जागा मिळवून देणाऱ्या संस्थांना जर्मनीत ह्या नावाने ओळखतात. एका संघटनेने हे सामान्यनामच आपले म्हणून नोंदविले. प्रतिस्पर्धी संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली. हँबुर्गच्या न्यायालयाने मनाई केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने उठविली. जो प्रथम येईल त्याला नाव मिळेल. सामान्यनाम नोंदविणे हे स्वतः होऊन अनुचित स्पर्धा ठरत नाही. मात्र आपणच ह्या धंद्यातील एकमेव आहोत असा आभास त्यातून होत असेल तर तो प्रश्न वेगळा, अशी पुस्ती त्यास जोडलेली आहे. निर्णय कायद्याच्या दृष्टीने सुसंगत आहे. तथापि वादी व प्रतिवादी दोघेही त्या शब्दाचा प्रत्यक्ष व्यवसाय करणारे होते, हे विसरता कामा नये. ज्याला त्या व्यवसायाशीही कर्तव्य नाही आणि त्या भाषेशीही नाही, त्याच्या हाती तो शब्द पडला म्हणजे काय होते, हे त्या प्रकरणात आलेलेच नव्हते.

ते दुसऱ्या एका प्रकरणात आले. २००५ च्या डिसेंबरात ‘ईयू’ प्रत्यय प्रथम व्यापारचिन्हांच्या धारकांसाठी खुला झाला, सर्वसामान्यांसाठी तो पुढे २००६ च्या एप्रिलमध्ये व्हावयाचा होता. मधल्या काळाचा फायदा घेण्यासाठी एका ऑस्ट्रियन कंपनीने स्वीडनमध्ये ३३ जर्मन सामान्यनामे व्यापारचिन्हे म्हणून नोंदविली. साधे सामान्यनाम तसे नोंदविता येत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या मागेपुढे ‘आणि’ ह्या अर्थाचे चिन्ह घातले. डोमेन-नामात असली चिन्हे चालत नसल्याने ती नियमाप्रमाणे गळून पडली आणि उरले ‘राइफेन’, म्हणजे टायर. व्यापारचिन्ह घेतले होते सुरक्षापट्ट्यांसाठी. वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला, आणि ३ जून २०१० रोजी त्या न्यायालयाने असे वर्तन दुर्हेतुमूलक ठरू शकते, असा निर्वाळा देताना चिन्हाची ती विचित्र घडण, ते वापरण्याचा हेतू नसणे आणि अशा नोंदण्यांची मोठी संख्या ह्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात असे सांगितले. येथे शब्द जर्मन होता, इंग्रजी नव्हता. म्हणून ह्या प्रकरणाचे महत्त्व मला अधिक वाटते. शब्दाची किंमत ओळखणारा भाषेच्या आतला होता, त्याने योग्य शब्द निवडला, आणि तरीही तो अडला. इंग्रजी शब्द घेणारा बहुधा येथपर्यंत पोचतच नाही. त्याच्या नावासाठी भांडावयास कोणी येत नाही.

विश्वस्तपणाचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे लढविला गेला तो कोलंबियात. ‘सीओ’ची व्यवस्था आंदेस विद्यापीठाकडे होती. २००१ साली विद्यापीठाने त्याचा व्यापारी उपयोग करावयाचे मनात आणले, तेव्हा हा प्रत्यय सार्वजनिक हिताचा आहे, असा अभिप्राय तेथील राज्यपरिषदेने दिला, आणि विषय शासनाकडे गेला. २००९ साली व्यवस्था एका खाजगी कंपनीला कराराने दिली गेली, २०१० मध्ये प्रत्यय जगाला खुला झाला. आरंभीच्या करारात कोलंबियाच्या पदरी उत्पन्नाचे सात टक्क्यांच्या आतबाहेरचे माप पडत होते. २०२० च्या नव्या करारात ते ८१ टक्के झाले. इंग्रजी नावे विकून आलेल्या पैशांपैकी किती आपले, हे मागावयास त्या देशाला दहा वर्षे लागली. गुंतवणुकीच्या पुस्तकांत ह्या आकड्याची चर्चा क्वचितच दिसते, कारण तेथे प्रत्ययाला मालक असतो ही गोष्टच हिशेबात धरलेली नसते.

आपला ‘आयएन’ हा प्रत्यय २००५ साली सर्वांना खुला झाला. भारताला परभाषिक देश म्हणावे की नाही हा प्रश्न येथे आडवा येतो. १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने इंग्रजीचे स्थान चालू ठेवले आहे, आणि शहरी व्यापाराचा मोठा भाग त्याच भाषेत चालतो. त्यामुळे इंग्रजी सामान्यनामांना ‘आयएन’खाली जो भाव येतो त्यावरून वरील मताला पुष्टी मिळत नाही. तो भाव भारतीय इंग्रजीचा आहे, आणि भारतीय इंग्रजीचे संकेत निराळे आहेत. ‘क्लासेस’ म्हणजे येथे शिकवणी, समाजातील वर्ग नव्हेत.

खरी परीक्षा २०१४ च्या ऑगस्टपासून देवनागरीत आलेल्या ‘भारत’ ह्या प्रत्ययाची आहे. तो हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी अशा अनेक भाषांचा सामाईक प्रत्यय आहे. जर्मन ‘गिफ्ट’ आणि फ्रेंच ‘लोकासियाँ’ ह्यांनी जो पेच दाखविला, तोच येथे घरात उभा राहतो. ‘शिक्षा’ ह्या शब्दाखाली हिंदी भाषक विद्यालय शोधील, मराठी भाषकाला दंड दिसेल. ‘चेष्टा’ म्हणजे एकाला प्रयत्न, दुसऱ्याला थट्टा. लिपी एक, वर्ण तेच, प्रत्ययही एकच, आणि नोंदवहीत जागा एकाच धारकाला. अशा समरूप शब्दांची हिंदी-मराठी यादी करून त्यांतील कोणती नावे कोणत्या अर्थाने वापरात आहेत हे पाहण्याचे काम आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हाती घेतल्यास, त्याला सामग्री नोंदणीसंस्थेच्या सार्वजनिक शोधसुविधेतूनच मिळू शकेल.